अंधारातील सोबती

आईबापांची माया आणि गुरूंचे मार्गदर्शन यांवाचून मुलाची वाढ नीट होत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु वाढत्या वयात आणखी एका गोष्टीची तितकीच आवश्यकता असते. ती म्हणजे बरोबरीच्या मित्राची. जे आईजवळ बोलवत नाही आणि गुरुजींसमोर बोलण्याचे धैर्य होत नाही, ते मित्राजवळ सहज बोलता येते. मनात उगवलेली नवी, अर्धीकच्ची कल्पना मुलगा प्रथम मित्रालाच सांगतो. मित्र तिला हसला, तर ती तेथेच कोमेजते. त्याने ती मनापासून ऐकली, तर तिला पालवी फुटते. लुई ब्रेल या फ्रेंच मुलाचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. अंधांसाठी लिपी शोधून काढणारा थोर पुरुष म्हणून जग त्याला ओळखते. परंतु ही लिपी त्याने सिद्ध केली तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता आणि संकटकाळी ती जगवली ती शाळेतील मुलांनी, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

पॅरिस शहराच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरांवर कूव्रे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म झाला. चार भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचे वडील जीनगर होते. खोगिरे, लगाम आणि घोड्यांचा इतर साज तयार करून ते कुटुंबाचा चरितार्थ चालवीत. त्यांच्या कामाच्या खोलीत कातड्याचा वास दरवळत असे आणि आऱ्या, रापी, हातोड्या अशी हत्यारे मांडलेली असत. लहानग्या लुईला त्या खोलीचे मोठे आकर्षण वाटे.

तो तीन वर्षांचा असताना एके दिवशी कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्या खोलीत शिरला. वडिलांप्रमाणे आपणही कातडे कापावे, अशी हौस त्याच्या मनात आली. त्याने एक टोकदार हत्यार उचलले. परंतु ते त्या चिमुकल्या हातातून निसटले आणि नेमके एका डोळ्यात शिरले. जखम चिघळू न देण्याची औषधे त्या काळी नव्हती. विकार एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात गेला आणि वयाच्या पाचव्या वर्षी लुई पूर्णपणे अंध झाला.

त्या काळी गरिबाघरच्या अंध मुलापुढे भीक मागण्यावाचून दुसरा मार्ग क्वचितच असे. परंतु लुईचे आईबाप धीराचे होते. वडिलांनी त्याला काठी करून दिली. काठीने जमीन चाचपीत, पावले मोजीत तो गावात एकटा हिंडू लागला. वडिलांनी लाकडी फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार केले आणि त्यांवरून त्याचे बोट फिरवून त्याला अक्षरओळख करून दिली. गावच्या धर्मगुरूंनी त्याची हुशारी ओळखली आणि गावच्या शिक्षकांनी त्याला डोळस मुलांच्या शाळेत बसू दिले. शेजारचा एक मुलगा रोज सकाळी येई आणि लुईला हाताला धरून शाळेत नेई, असे सांगतात. त्या मुलाचे नाव इतिहासाने जपलेले नाही. परंतु त्याचा तो हात नसता, तर लुईला शाळेची वाट कशी सापडली असती?

शाळेत लुई ऐकलेले सारे लक्षात ठेवी. तोंडी हिशेबात तो इतरांच्या मागे नसे. परंतु गुरुजींनी पुस्तके उघडावयास सांगितली, की बाकीची मुले वाचू लागत आणि लुई रिकाम्या हातांनी बसून राही. सर्व मुलांमध्ये असूनही त्या घटकेला तो एकटा असे.

पुढे धर्मगुरूंच्या आणि गावातील सज्जनांच्या खटपटीने लुईला पॅरिस येथील अंध मुलांच्या राजकीय संस्थेत प्रवेश मिळाला. व्हॅलेंटाइन हाउई नावाच्या दयाळू गृहस्थांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही संस्था स्थापन केली होती. फेब्रुवारी १८१९ मध्ये दहा वर्षांचा लुई वडिलांबरोबर घोडागाडीतून पॅरिसला पोहोचला. वडील त्याला तेथे ठेवून गावी परतले. संस्थेची इमारत जुनी, अंधारी आणि दमट होती. शिस्त कडक होती आणि खाणेपिणे बेताचे. घरापासून प्रथमच दूर आलेल्या मुलाला रात्री झोप कशी यावी?

तेथेच त्याला गॅब्रिएल गोतिए भेटला. गॅब्रिएल हा लुईपेक्षा थोडासा मोठा. तोही अंध होता, त्यानेही घरच्या आठवणीने आसवे गाळली होती. त्यामुळे नव्या मुलाच्या मनात काय चालले असेल, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. त्याने लुईला धीर दिला, संस्थेचे जिने आणि दालने ओळखीची करून दिली आणि आपल्या सोबत्यांत ओढून घेतले. त्या दिवसांत जडलेली ही मैत्री लुईच्या अखेरच्या दिवसापर्यंत टिकली. संस्थेतील मुले फिरावयास निघत तेव्हा एकच लांब दोरी धरून रांगेने चालत, असे सांगतात. रस्त्यावरील लोकांना ते दृश्य केविलवाणे वाटत असेल. पण पुढे आणि मागे आपला सोबती आहे, हे त्या दोरीवरून प्रत्येक मुलाला कळत असे.

मित्र लाभताच लुईचे मन फुलले. तो अभ्यासात बक्षिसे मिळवू लागला. सपाता शिवण्याच्या कामात त्याने नैपुण्य मिळवले. संगीताचे तर त्याला वेडच लागले. तो आणि गॅब्रिएल दोघेही पुढे उत्तम ऑर्गनवादक झाले. परंतु एक उणीव सर्व मुलांना सलत असे. त्यांच्यासाठी जी पुस्तके होती, त्यांत नेहमीचीच रोमन अक्षरे मोठी करून कागदावर उठावाने छापलेली असत. एकेका अक्षराभोवती बोट फिरवून ते ओळखावे लागे. ओळीच्या शेवटापर्यंत जावे, तो ओळीचा आरंभ विसरून जाई. पुस्तके अवजड असत, फार खर्चाची असत आणि म्हणून मोजकीच असत. त्यांहून मोठी अडचण ही, की मुलांना त्या अक्षरांत स्वतः लिहिता येत नसे. मनातले दोन शब्द मित्राला लिहून द्यावे म्हटले, तरी तोही मार्ग बंद!

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नावाचे सैन्यातील एक माजी अधिकारी संस्थेत आले. त्यांनी उठावाच्या टिंबांनी लिहिण्याची एक रीत शोधून काढली होती. जाड कागदावर टोचणीने टोचले, की मागच्या बाजूस टिंब उठते आणि ते बोटाला लागते. मुलांनी ती टिंबे चाचपून पाहिली आणि त्यांना मोठा आनंद झाला. अक्षरांच्या वळणांपेक्षा टिंबे बोटाला फार लवकर कळत होती. शिवाय ती स्वतः लिहिताही येत होती. तथापि या रीतीत दोष होते. एकेका खुणेत बारापर्यंत टिंबे असत, त्यामुळे ती एका स्पर्शात ओळखता येत नसे. बोट वरखाली फिरवावे लागे. शिवाय ती रीत केवळ उच्चारांवर रचलेली होती. तीत शब्दांचे शुद्धलेखन नव्हते, विरामचिन्हे नव्हती, आकडे नव्हते आणि संगीताची लिपीही नव्हती. लुईने हे दोष दाखवून काही फेरफार सुचवले. परंतु एका बारा वर्षांच्या मुलाच्या सूचना बार्बिए यांना मानवल्या नाहीत.

लुई खट्टू होऊन बसला नाही. दिवसा अभ्यास आणि कामे आटोपून तो रात्री कागद, पाटी आणि टोचणी घेऊन बसू लागला. सुटीत कूव्रेला गेला, तरी त्याचे टोचणे चालूच असे. तीन वर्षे त्याने नाना प्रकारे टिंबे मांडून पाहिली. अखेर १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याला हवे ते सापडले. बारा टिंबांऐवजी त्याने सहाच टिंबे घेतली. शेजारी शेजारी दोन उभ्या ओळी, प्रत्येक ओळीत तीन टिंबे. एवढी खूण बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी मावते. या सहा जागांपैकी कोठे टिंब आहे आणि कोठे नाही, यावरून ६३ निरनिराळ्या खुणा होतात. सर्व अक्षरे, विरामचिन्हे, आकडे, इतकेच नव्हे तर संगीताचे स्वरसुद्धा या खुणांनी लिहिता येऊ लागले.

परंतु लिपी ही एकट्याची वस्तू नव्हे. लिहिणारा असला, तरी वाचणारा नसेल तर ती व्यर्थ होय. लुईच्या टिंबांना पहिले वाचक मिळाले ते त्याच्या शाळासोबत्यांत. गॅब्रिएल आणि इतर मुले यांनी ती लिपी झपाट्याने आत्मसात केली. ती एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागली, वर्गात सांगितलेले टिपून ठेवू लागली, आवडते उतारे उतरवून घेऊ लागली. कोणाही डोळसाची मदत न घेता आपल्या मनातील गोष्ट मित्राला कळवता येते, हा अनुभव त्यांना नवा होता. मुलांच्या बोटांनी लिपीची कसोटीही घेतली. प्रथम लुईने टिंबांच्या जोडीला काही लहान आडव्या रेघाही वापरल्या होत्या. त्या रेघा लिहावयास आणि बोटाने ओळखावयास अवघड जात. तेव्हा आपल्या हातच्या रचनेचा हट्ट न धरता लुईने त्या पुढे काढून टाकल्या. संस्थेचे त्या वेळचे संचालक पिन्ये हे उदार मनाचे होते. त्यांनी मुलांना ही लिपी वापरू दिली. १८२९ मध्ये या लिपीची माहिती देणारे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १८३७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली.

विद्यार्थी असलेला लुई त्याच संस्थेत प्रथम साहाय्यक आणि १८३३ मध्ये अध्यापक झाला. त्याचा मित्र गॅब्रिएलही तेथेच शिक्षक झाला. लुई व्याकरण, भूगोल, गणित आणि संगीत शिकवी. मुलांवर तो कधी संतापत नसे. परंतु दमट इमारतीतील वास्तव्य आणि रात्रीची जागरणे यांनी त्याची प्रकृती पोखरली होती. पंचविशी ओलांडते न ओलांडते तोच त्याला क्षयाने गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते.

याच सुमारास त्याच्या लिपीवरही संकट आले. १८४० मध्ये पिन्ये यांना संस्था सोडावी लागली आणि त्यांच्या जागी द्यूफो हे संचालक झाले. डोळस माणसांना वाचता न येणारी लिपी अंधांनी वापरली, तर ते समाजापासून आणखी दूर पडतील, असे पुष्कळ डोळस शिक्षकांना वाटे. त्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते, असे नाही. परंतु ज्यांना वाचावयाचे होते, त्यांच्या बोटांना काय सोयीचे पडते, हे मात्र कोणी विचारले नाही. द्यूफो यांनी उठावाच्या रोमन अक्षरांची पुस्तके पुन्हा चालू केली आणि टिंबांच्या लिपीस मनाई केली. मुलांच्या टोचण्या काढून घेण्यात आल्या.

आता काय व्हावे? लिपी निर्माण करणारा शिक्षक आजारी होता आणि स्वभावाने भांडखोर नव्हता. वरिष्ठांची आज्ञा स्पष्ट होती. लहान मुले ती काय करणार? परंतु मुलांनी लिपी सोडली नाही. टोचण्या गेल्या, तर विणकामाच्या सुया, जेवणाचे काटे, खिळे, जे हाती लागेल ते घेऊन ती लिहू लागली, असे सांगतात. मोठी मुले धाकट्यांना रात्री गुपचूप शिकवीत. सापडले, तर शिक्षा होई. तरीही एक दुसऱ्याला शिकवी, दुसरा तिसऱ्याला. त्यांनी दंगा केला नाही, कोणाला अपशब्द बोलले नाहीत. आपल्या सर्वांच्या मालकीची एक मोलाची वस्तू त्यांनी एकमेकांच्या विश्वासावर सांभाळून ठेवली. एकट्या मुलाला हे धैर्य झाले नसते. शेजारच्या खाटेवरील सोबतीही हेच करीत आहे, एवढ्या खात्रीने ते प्रत्येकाला झाले.

मुलांची ही निष्ठा संस्थेचे उपसंचालक गादे यांच्या दृष्टीस पडली. ज्या लिपीसाठी मुले शिक्षा सोसावयास तयार होतात, तिच्यात काही सत्त्व असलेच पाहिजे, हे त्यांनी जाणले आणि द्यूफो यांचे मन वळवले. फेब्रुवारी १८४४ मध्ये संस्थेच्या नव्या इमारतीचा उद्घाटन समारंभ झाला. त्या प्रसंगी गादे यांनी जमलेल्या पाहुण्यांसमोर लुई ब्रेलच्या लिपीचे गुण वर्णन केले आणि तिचे प्रात्यक्षिक दाखवले. एका मुलाने सांगितलेला मजकूर टिंबांत लिहून घ्यावा आणि त्या वेळी तेथे नसलेल्या दुसऱ्या मुलाने येऊन तो बोटांनी वाचावा, हे पाहून लोक थक्क झाले. ज्या संचालकांनी लिपी बंद केली होती, त्यांनीच पुढे तिचा स्वीकार केला, ही गोष्ट त्यांनाही भूषणावहच म्हटली पाहिजे.

लुईने मित्रांकडून केवळ घेतलेच नाही. अंध मुलांना घरच्या डोळस माणसांना पत्रे लिहिता यावीत, म्हणून त्याने टिंबांनी नेहमीची रोमन अक्षरे काढण्याची वेगळी रीत १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यासाठी एक यंत्र तयार करण्याच्या कामी पिएर फूको या अंध कारागिराने त्याला साथ दिली. हा फूकोही पूर्वी याच संस्थेत शिकलेला होता. लुईचा पगार तुटपुंजा होता; तरी अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याला तो पैसे देई, कोणाला पुस्तक देई, कोणाला उबदार कपडा देई आणि दिलेल्याची वाच्यता करीत नसे.

पॅरिसमध्ये ६ जानेवारी १८५२ रोजी लुई ब्रेल मरण पावला. दोनच दिवसांपूर्वी त्याला ४३ वर्षे पूर्ण झाली होती. त्याच्या सामानात एक लहानशी पेटी होती. ती न उघडता जाळून टाकावी, अशी त्याची इच्छा होती. परंतु ज्यांच्याकडे ती आली, त्यांना आत काय असावे हे पाहिल्यावाचून राहवले नाही. पेटी उघडली, तो तीत ऋणपत्रे निघाली! निरनिराळ्या विद्यार्थ्यांना लुईने वेळोवेळी दिलेल्या पैशांच्या त्या पावत्या होत्या. आपल्या पाठीमागे त्यांच्याकडे कोणी पैसे मागू नयेत आणि कोणाची अडचण चार लोकांत उघडी पडू नये, म्हणून त्याने त्या जाळावयास सांगितले होते. मग त्याच्या इच्छेप्रमाणे ती पत्रे जाळण्यात आली. उपकार करणे पुष्कळांना साधते. परंतु मित्राची लाज राखून उपकार करणे थोड्यांनाच साधते.

त्याच्या मृत्यूची जगाने विशेष दखल घेतली नाही. मित्रांनी मात्र त्याला विसरू दिले नाही. १८५३ मध्ये संस्थेत त्याचा अर्धपुतळा बसवण्यात आला आणि इपोलित कोल्ता या त्याच्या सहकारी मित्राने त्याचे चरित्र लिहून ठेवले. लुईविषयी आपणांस जे ठाऊक आहे, त्यांतील पुष्कळसे या मित्राच्या लेखणीमुळेच. १८५४ मध्ये फ्रान्समध्ये या लिपीस अधिकृत मान्यता मिळाली. हळूहळू ती देशोदेशी पसरली. आपल्या देशात निरनिराळ्या भाषांसाठी एकच सामाईक ब्रेल लिपी असावी, असे ठरून १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. आज मराठी अंध विद्यार्थी आपली पाठ्यपुस्तके बोटांनी वाचतात, ती त्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या सहा टिंबांतच. १९५२ मध्ये, मृत्यूला १०० वर्षे झाली तेव्हा, फ्रान्सने लुईचे अवशेष पॅरिसमधील पँथिऑन या राष्ट्रपुरुषांच्या स्मारकात समारंभपूर्वक नेले. त्याचे हात मात्र कूव्रे गावीच जपून ठेवले आहेत. २०१९ पासून त्याचा जन्मदिवस जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळण्यात येतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गातही एखादा मुलगा नवा आलेला असेल, एखादा गप्प गप्प राहणारा असेल, एखाद्याच्या मनात अशी काही कल्पना घोळत असेल, की जी बोलून दाखवण्याचे धैर्य त्याला होत नसेल. तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याचे म्हणणे ऐकून घ्या. ते चुकले असेल तर सरळ सांगा, आणि बरोबर असेल तर सर्वांसमोर त्याच्या बाजूने उभे राहा. लुई ब्रेलसारखी बुद्धी सर्वांनाच लाभत नाही. पण गॅब्रिएल होणे तुमच्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे. गॅब्रिएलने पहिल्या दिवसांत केले ते एवढेच: एका घाबरलेल्या मुलाला त्याने एकटे राहू दिले नाही.